पाण्यावरची शेकोटी

"डावीकडे कलतोय," हेल्वी म्हणाली.

इस्मोने पहार थांबवली, पण मान वर केली नाही. "आई, तू घरी जा."

"जातेच आहे. पण रोवायचाच आहे तर खांब नीट रोव. तुझ्या बापाने रोवलेला एक खांब कधी वाकडा निघाला नाही."

मंगळवार होता, युहान्नुसला, आमच्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, तीन दिवस राहिले होते. सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. मी सायकल धरून हेल्वीच्या शेजारी उभी होते आणि आम्हा दोघींच्या समोर तिचा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा किनाऱ्याच्या वाटेवर साखळी लावत होता. दुसरा खांब रोवून झाला, साखळी अडकवली, मग त्याने गाडीतून पिवळी पाटी काढली आणि तारेने साखळीला बांधली. 'खाजगी किनारा. प्रवेश नाही.' बांधताना दोनदा तार त्याच्या हातातून निसटली. एरवी असं कधी होत नाही. इस्मोचे हात आईवर गेलेत.

"झालं?" हेल्वीने विचारलं.

"झालं."

"बरं." आणि ती वळली. चालताना मला म्हणाली, "रायली, तुझ्याकडे बटाटे निघाले का गं नवे? माझे अजून गोटीएवढेच आहेत."

मी तिच्या शेजारी पन्नास वर्षं राहते आहे. मी गावच्या शाळेत स्वयंपाकीण होते. शाळा बंद झाली, मी राहिले. तेव्हा एवढं मला कळतं, की हेल्वी बटाट्यांबद्दल बोलायला लागली की तिच्या डोक्यात दुसरंच काही शिजत असतं.

तो किनारा आमच्या काइस्लारांता गावातला एकमेव मोकळा किनारा. बाकी सगळीकडे एकतर लव्हाळं माजलंय, नाहीतर पाण्यापर्यंत झाडी. म्हातारा ह्युव्हारिनेन त्याचा मालक होता, पण तो जिवंत असेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. युहान्नुसच्या संध्याकाळी आम्ही तिथेच शेकोटी पेटवायचो. माझ्या सासूच्या लहानपणीही तिथेच पेटायची. ह्युव्हारिनेन गेला, पोरांनी किनारा विकला आणि गेल्या वर्षी तिथे काचेच्या भिंतींचं घर उभं राहिलं. घेणारा हेलसिंकीचा, स्टेनवॉल नावाचा. वाईट माणूस नव्हता. दुकानात भेटला की आधी तोच नमस्कार करायचा. पण प्रत्येकाला 'तुम्ही' म्हणायचा. आमच्याकडे पाद्रीबुवांनाही लोक 'तू' म्हणतात. 'तुम्ही' ऐकलं की आम्हाला वाटतं, समोरच्याने दार लोटून घेतलं.

जूनच्या सुरुवातीला त्याने सगळ्यांच्या टपालपेटीत एक चिठ्ठी टाकली होती. प्रिय शेजाऱ्यांनो, विम्याच्या कारणास्तव यंदापासून किनाऱ्यावर शेकोटी पेटवता येणार नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. शहरात नगरपालिकेची मोठी शेकोटी असते, तिथे जायला बस ठरवली आहे, भाडं मी देईन.

"बस," हेल्वी तेव्हा म्हणाली होती. चिठ्ठी तिने दोनदा वाचली आणि घडी घालून चुलीजवळच्या लाकडांवर ठेवली. "सौना पेटवायला कामी येईल." सौना म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली.

हेल्वी एक्काहत्तर वर्षांची आहे. अठ्ठावीस वर्षं तिने ओंडक्यांच्या धक्क्यावर काम केलं. वरच्या जंगलातून ओंडके पाण्यातून वाहत यायचे. तळ्याच्या आमच्याकडच्या खाडीत ते निवडायचे, तारेने मोळ्या बांधायच्या, आणि मोळ्यांची रांग करून बोट त्यांना कागदाच्या गिरणीकडे ओढून न्यायची. हेल्वी मोळ्या बांधायची. तिशी उलटायच्या आत तिच्या उजव्या हाताचं एक बोट तारेत गेलं. ती सांगते, "नऊ पुरतात, दहावं चैनीसाठी असतं."

एकदा एक नवा मुकादम आला. म्हणाला, बायकांनी ओंडक्यांवर पाय ठेवायचा नाही, काठावर राहून काम करायचं. काठावरच्या कामाला मजुरी कमी होती. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी तो पलीकडच्या तराफ्यावर बसला होता. हेल्वीने उकळत्या कॉफीचं भांडं उचललं आणि तरंगत्या ओंडक्यांवरून चालत निघाली. एका ओंडक्यावर पाय पडला की तो फिरायच्या आत दुसऱ्यावर. साठ-सत्तर माणसं घास हातात धरून बघत राहिली. ती पलीकडे पोचली, त्याच्या पेल्यात कॉफी ओतली आणि म्हणाली, "एक थेंब सांडलेला दाखव. उद्यापासून काठावर बसते." त्याने कॉफी प्यायली. बायका ओंडक्यांवरच राहिल्या.

पुढे धक्का बंद झाला. नवरा, एन्सियो, त्यानंतर चारेक वर्षांनी गेला. इस्मो सुतारकाम, छपरं, बोटी, जे मिळेल ते करायचा. स्टेनवॉल आल्यापासून त्याला बरे दिवस आले होते. होडीसाठी धक्का बांधायचा, सौनाघर उभं करायचं, हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ काढायचा. वर्षाचं निम्मं काम त्या एका घरातून. आणि साखळीही त्याच कामाचा भाग.

बुधवारी सकाळी हेल्वी माझ्या दारात उभी राहिली. "चल उर्पोकडे."

उर्पो आमच्या जलमंडळाचा अध्यक्ष. आमच्या खाडीचं पाणी गावातल्या जुन्या घरांच्या सामायिक मालकीचं आहे, मासेमारीचे वाटे वगैरे हे मंडळ बघतं. उर्पोचं वय ऐंशी, खुबा नवीन, जीभ जुनी.

"दोन म्हाताऱ्या एकदम," तो म्हणाला. "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. वही काढ."

वही म्हणजे मंडळाची नोंदवही, जाडजूड, कडा उंदराने खाल्लेली. उर्पोने चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, मग पानं उलटली. हेल्वीने बोट ठेवलं. "ह्युव्हारिनेनच्या पोरांनी किनारा विकला. पाण्यातला वाटा विकला का?"

उर्पो बराच वेळ वाचत राहिला. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "नाही. वाटा थोरल्या पोराने स्वतःकडे ठेवला. त्याला जाळी टाकायची हौस."

"म्हणजे त्या माणसाचं काय आहे?"

"पाण्याच्या कडेपर्यंतची जमीन. पुढे त्याने पाय बुडवला तरी आमच्यात बुडवला."

"आणि माझं?"

"तुझ्या बापाचा वाटा. चोविसात एक. तुझ्या वाट्याला एक मासा आणि अर्धी बेडकी येते."

"पुरे आहे," हेल्वी म्हणाली. "मला पाण्यावर शेकोटी पेटवायची परवानगी पाहिजे. खाडीच्या मध्यावर, तराफ्यावर. लिहून दे."

उर्पोने वही मिटली. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मी त्याच्या बायकोच्या मरणानंतर पहिल्यांदाच बघत होते. कपाटातून त्याने मंडळाचा शिक्का काढला. शाई वाळली होती, त्यावर थुंकला आणि कागदावर दाबला.

हेल्वीच्या स्वतःच्या घराखाली थोडा किनारा आहे, पण इतका अरुंद की पाण्यापासून तिसऱ्या पावलाला सौनाघर. तिथे शेकोटी पेटवली तर सौनाही पेटेल. तराफा बांधायला मात्र जागा होती. लाकडाच्या नव्या शेडसाठी तिने बारा ओंडके आणून ठेवले होते. शेड राहिली. ओंडके आम्ही तिघांनी पाण्यात लोटले. तिघं म्हणजे मी, ती आणि नवा खुबा. उर्पो बसल्या जागेवरून हुकूम सोडत होता आणि हेल्वी त्याला सांगत होती की तोंड मिट, नाहीतर डास जातील. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती तारा ओढायची, धक्का बंद झाला तेव्हा घरी आणलेली लोखंडी तरफ लावून पीळ द्यायची. तार कण्हायची आणि ओंडके एकमेकांना चिकटायचे. मी तिला पन्नास वर्षं ओळखते, पण काम करताना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. एकही हालचाल फुकट नव्हती.

समोर, खाडीपलीकडे, इस्मो स्टेनवॉलच्या धक्क्याला तेल लावत होता. पाण्यावर तीनशे मीटर म्हणजे काहीच नाही. त्याला सगळं दिसत होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो आला. आम्ही ओसरीवर मासे तळून खात होतो, बोटाएवढे मुइक्कू, सोबत माझे नवे बटाटे आणि शेपू. तो बसला नाही.

"आई, हे काय चालवलंयस?"

"जेवण. ताटली घे."

"त्या घराकडून मला निम्म्या वर्षाचं काम मिळतं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"उद्या त्याच्याकडे पाहुणे आहेत. आठ जण. मला सॉसेजं भाजायला बोलावलंय. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माझी आई..."

"मी तुला बोलावलं का?" हेल्वी म्हणाली. "ओंडके ढकलायला, तार धरायला? तू तिथे काम कर, मी इथे करते."

"नाही बोलावलंस! तेच तर!" इस्मो एकदम ओरडला. मी ताटलीत बघायला लागले. "जन्मात कोणाकडे काही मागितलं नाहीस तू. बाबांकडेही नाही. छान आहे, लोक अजून गोष्टी सांगतात. पण तू ताठ उभी राहतेस आणि वाकावं लागतं आम्हाला."

हेल्वीने काटा खाली ठेवला. मला वाटलं आता भडकेल. पण आवाज चढला नाही.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "पण इस्मो, तो माणूस म्हणतो बसमध्ये बसा आणि जा. भाडं तो देणार. आणि आपण तिकडे उभं राहून दुसऱ्यांचा जाळ बघायचा. या गावात दुकान नाही राहिलं, शाळा नाही, धक्का नाही. दर वेळी कोणीतरी सभ्य माणूस येतो, दिलगीर आहे म्हणतो, आणि आपण बरं म्हणतो. मी यंदा बरं म्हणणार नाही. तुला काम सोड म्हणत नाही मी. पण मला थांब म्हणू नकोस."

इस्मोने ताटलीतला एक मासा उचलून तोंडात टाकला आणि निघून गेला.

शुक्रवारी ऊन पडलं. युहान्नुसला ऊन म्हणजे आमच्याकडे बातमीच. हेल्वीने दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चच्या कोवळ्या फांद्या लावल्या, सौना तापवली, आम्ही पानांच्या जुड्यांनी पाठी झोडपल्या आणि तळ्यात उड्या घेतल्या. उडी मी घेतली, ती चालत गेली. सहा वाजता निशाण चढवलं. अग्निशमन दलाला तिने दुपारीच फोन करून कळवलं होतं. तराफ्यावर पुरुषभर उंचीचा लाकडांचा ढीग रचला होता. मोडकी कुंपणं, सुक्या फांद्या, उर्पोची कुजलेली होडी. आणि सात वाजल्यापासून होड्या यायला लागल्या. कोणी निरोप दिला होता कोण जाणे. पलीकडच्या बेटावरून, वरच्या खाडीतून, हिवाळ्यात ज्यांचं तोंड दिसत नाही अशी माणसं होडीत गाद्या, पोरं, थर्मास घालून आली. काही उन्हाळी घरवालेही होते, हेलसिंकीचेच. पंधरा-वीस होड्या नुसत्या तरंगत थांबल्या.

आठाच्या सुमारास स्टेनवॉल स्वतः चालत हेल्वीच्या किनाऱ्यावर आला. पांढरे बूट होते, ते चिखलात रुतले.

"तुम्हाला माझी चिठ्ठी मिळाली असेल," तो म्हणाला.

"मिळाली. सौना छान पेटली तिच्यावर."

"हे बघा, मला वाद नको आहे. पण ठिणग्या माझ्या घरापर्यंत आल्या तर जबाबदार कोण?"

"वारा तुझ्या घराकडून इकडे आहे. अंतर मोजलंय. तार घातलीये, दोरी नाही, म्हणजे जळून सुटणार नाही. दोन नांगर आहेत." तिने एप्रनच्या खिशातून कागद काढला. "आणि ही परवानगी. वाच. शिक्का जरा पुसट आहे, तो थुंकीचा आहे."

त्याने वाचलं. शहाणा माणूस होता, दोनदा वाचलं. "मला माहीत नव्हतं की पाणी..."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आम्ही शेजारीच आहोत."

तो गेला. होडीतून कोणीतरी शिट्टी मारली, तर हेल्वीने तिकडे असं बघितलं की ती अर्ध्यातच थांबली.

मग फजिती झाली. तिच्या होडीचं इंजिन म्हातारं, चार घोड्यांचं. तराफ्याला दोर बांधून तिने ओढायला सुरुवात केली, तो पंधरा-वीस मीटर सरकला आणि समोरच्या वाऱ्याने पुन्हा लव्हाळ्यात ढकलला गेला. पुन्हा ओढला, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी इंजिन धूर सोडून बंद पडलं. उर्पोने आपली दुसरी होडी जोडली, ती त्याच्यासारखीच निघाली. इतरांकडे नुसती वल्ही होती. समोर काचेच्या घराच्या गच्चीवर पाहुणे हातात पेले घेऊन कठड्याशी आले. एकाने फोन वर धरला. कोणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही, पण पाण्यावरून सगळं ऐकू येतं.

हेल्वी होडीत उभी राहिली. केस सुटले होते. वल्हं उचललं, तराफ्याच्या कडेला टेकवलं आणि एकटीच ढकलायला लागली. बारा ओंडके आणि त्यावरचा डोंगर, आणि ही एक्काहत्तर वर्षांची बाई. मला ते बघवेना. मी मान फिरवली, म्हणून गच्चीकडे माझं लक्ष गेलं.

इस्मोने चिमटा खाली ठेवला. पांढरा शर्ट घातला होता त्याने, स्टेनवॉलने दिलेला. पायऱ्या उतरून तो धक्क्यावर आला. त्याची स्वतःची होडी तिथेच बांधलेली असायची, मोठ्या इंजिनाची.

"इस्मो," स्टेनवॉल वरून म्हणाला, "तुम्ही आत्ता कामावर आहात."

"सॉसेजं भाजून झालीत."

"तुम्ही आत्ता गेलात तर सोमवारी किल्ल्या आणून द्या."

इस्मोने खिशात हात घातला. इतके दिवस साहेबांना 'तुम्ही' म्हणणारा तो म्हणाला, "सोमवारी कशाला? आत्ताच घे." किल्ल्यांचा जुडगा त्याने धक्क्याच्या फळीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि दोर सोडला.

तो खाडी ओलांडून आला तेव्हा हेल्वीने त्याच्याकडे बघितलं नाही. दोराचं टोक तेवढं फेकलं आणि म्हणाली, "गाठ बघून मार. ओल्या दोराला ती नाही चालत, दुसरी."

"मला येते, आई."

"येते तर मार."

नऊ वाजता, सूर्य अजून झाडांच्या वर असताना, तराफा खाडीच्या मधोमध उभा राहिला. हेल्वीने बर्चच्या सालीची गुंडाळी पेटवून ढिगाच्या पोटात खुपसली आणि वल्हवत मागे आली. आधी धूर, मग तडतड, आणि मग एकदम उंच जाळ. पाण्यात तसाच दुसरा, उलटा. उर्पोने होडीत बसून अकॉर्डियन काढलं आणि एक जुना टँगो वाजवला, निम्मे सूर चुकवत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते सगळे बघत होते. थोड्या वेळाने काचेच्या घराकडून एक छोटी होडी निघाली, त्यात स्टेनवॉलच्या पाहुण्यांपैकी दोन बायका होत्या. त्या आमच्या होड्यांच्या कडेला येऊन थांबल्या. त्यांना कोणी जवळ या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. उर्पोने वाजवता वाजवता थोडं सरकून जागा दिली.

मी हेल्वीच्या होडीत होते. जाळाच्या उजेडात तिच्या गालांवर काजळी होती आणि ती इस्मोच्या पाठीकडे बघत होती. तो पुढच्या होडीत एकटा बसला होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर करून.

शनिवारी सकाळी सगळे झोपलेले असताना वल्ह्यांच्या आवाजाने मला जाग आली. मी कॉफी घेऊन खाली गेले. हेल्वी आणि इस्मो जळके ओंडके ओढून काठावर आणत होते. तराफा पहाटे विझल्यावर नांगर उचलून त्यांनी तो उथळ पाण्यात ओढून आणला होता. इस्मोच्या हातात जाळं होतं, तो तरंगणारा कोळसा गोळा करत होता. ती छातीभर पाण्यात उभी होती, जुन्या स्वेटरवर, आणि तळ पायांनी चाचपत होती.

"शहरातल्या बोटींच्या कारखान्याच्या मालकाला काल रात्री फोन केला होता," इस्मो म्हणाला. "ऑगस्टपासून ये म्हणालेत. खोली तिथेच घ्यावी लागेल. रोज इतकं जाऊन-येऊन नाही जमायचं."

हेल्वीचे पाय थांबले. "हिवाळ्यातही?"

"हिवाळ्यातही."

"बरं," ती म्हणाली.

मग तिने पुन्हा तळ चाचपायला सुरुवात केली. मी काठावरून हाक मारली, म्हटलं, बाहेर ये, थंडी बाधेल, काय शोधतेयस?

"तार," ती म्हणाली. "एकोणीस घातल्या होत्या. अठरा मिळाल्यात. पोरं पोहतात इथे."

"आई, मी बघतो," इस्मो म्हणाला आणि बूट काढायला लागला.

"तुझ्या पायांना तार ओळखू यायची नाही," हेल्वी म्हणाली, आणि हनुवटीपर्यंत पाणी येईल इतकी आत सरकली.